सुकटीवाचून कोबी

नवस बोलणारं तोंड एक आणि फेडणारं तोंड दुसरं, असा प्रकार आमच्या घरी झाला. बोलल्या सासूबाई. फेडायचा होता सासऱ्यांनी, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. विचारणार तरी कसं, ते तेव्हा ऑपरेशन थिएटरात छाती उघडून झोपले होते.

सासऱ्यांना मी मामा म्हणते, सासूबाईंना आत्या. मामांचं नाव रावजी. मूळचे माळशिरसकडचे. एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक म्हणून सोलापुरात आले, निवृत्त झाले, तरी शुक्रवार पेठेतलं घर सोडून गावाकडे गेले नाहीत. आत्यांचं नाव बजाबाई. मी वैजयंती, शाळेच्या युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग बघते. दिवसभर माणसांना एका मापात बसवायचं काम, त्यामुळे घरी आल्यावर कुणी वेडंवाकडं वागलं की माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवते. नवरा ऋतुराज औषधांच्या एजन्सीत आहे. घरात आम्ही चौघं, आणि बोळाच्या पलीकडे, हात लांब केला तर वाटी देता येईल इतक्या अंतरावर, दानम्मा.

वाटी मात्र कधी गेली नाही. दानम्मा लिंगायत, सोवळ्याची. आमच्याकडे येऊन बसायची, तासन् तास बोलायची, पण फळाशिवाय काही तोंडात घालायची नाही. आत्यांनाही त्याचं कधी काही वाटलं नाही. दानम्मा आली की त्या न विचारता केळं पुढे करायच्या.

मामांचं खाणं तसं साधं. मटण झालं तर ठीक, नाही झालं तरी ठीक. पण सुकट घातलेला कोबी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. ती मामा पेठेतल्या दुकानातून आणायचे नाहीत. स्कूटर काढून मंद्रूपच्या बाजारात जायचे. तिथे एक म्हातारी निवडलेली, वाळू नसलेली सुकट विकते म्हणे. आत्या ती तव्यावर कोरडी भाजायच्या, गरम पाण्यातून काढून पिळायच्या. मग काळ्या लोखंडी कढईत तेल, ठेचलेला लसूण, कांदा, सुकट, घरचं काळं तिखट आणि वरून बारीक चिरलेला कोबी. पाण्याचा थेंब नाही, झाकणावर मात्र पाणी. ज्वारीची भाकरी आणि तोंडी लावायला हे. खरं तर तोंडी लावणंच जास्त व्हायचं आणि भाकरी कमी.

सुकट तव्यावर पडली की दानम्मा खिडकी लावायची. रागाने नव्हे. तिला तो वास सोसत नसे, एवढंच. पण तिच्या खिडकीचं लाकूड फुगलेलं, जोर लावल्याशिवाय बसायचंच नाही. त्यामुळे धाड असा आवाज व्हायचा, आणि तो अख्ख्या बोळाला ऐकू जायचा. "लागली बघ," असं मामा म्हणायचे आणि ताटावर येऊन बसायचे. स्वयंपाक झाला हे त्यांना आत्यांच्या हाकेने कधी कळलंच नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, ही दोन घरं भांडलेली आहेत. दुसऱ्या दिवशी बघते तर दानम्मा आमच्या उंबऱ्यात बसून आत्यांच्या पायाला तेल लावत होती. मग मीही त्या आवाजाला सरावले.

आता दवाखान्याचं सांगते. बायपास ठरली. मामांना आत नेलं आणि आम्ही बाहेर बाकावर बसलो. दानम्मा आत्यांच्या शेजारी. आत्या सकाळपासून गप्प होत्या. मग आतून एक नर्स पळत आली, कपाटातून काहीतरी घेऊन पुन्हा पळत गेली. त्या पळण्याचा आमच्याशी संबंध होता की नाही, कोण जाणे. पण आत्या उठल्या. समोरच्या भिंतीवर सिद्धेश्वराचा, म्हणजे दानम्माच्या सिद्धरामेश्वराचा, फोटो होता. जो देव पुढे दिसला त्यालाच त्यांनी हात जोडले.

आत्यांच्या माहेरी नवस म्हणजे बकरं. दुसरा नवस त्यांना माहीत नाही. तोंडातून तेच आलं. "ह्यांना नीट घरला आन देवा, तुला बकरं देते."

दानम्माने त्यांचा हात धरला. "बजाक्का, काय बोलताय? सिद्धरामेश्वराला बकरं?"

आत्यांचा चेहरा तेव्हा कसा झाला ते मी विसरणार नाही. नवरा आत टेबलावर, आणि आपण नेमका ज्याला चालत नाही त्या देवापुढे बकऱ्याचं नाव काढलं. त्यांनी गाल बडवून घेतले आणि एका दमात म्हणाल्या, "चुकलं देवा. बकरं न्हाई देत. हे खानारच न्हाईत. मटान न्हाई, मासळी न्हाई, सुकट न्हाई. जन्मात न्हाई."

मासळीत सुकट आलीच होती. तरी त्यांनी तिचं नाव वेगळं घेतलं. देवाला द्यायचं तर जे जास्त आवडतं त्याचं नाव घेऊन द्यावं लागतं, एवढा हिशेब त्या घाबरलेल्या बाईच्याही डोक्यात पक्का होता. फक्त ते आवडणं दुसऱ्याचं होतं.

ऑपरेशन नीट झालं. मामा घरी आले. सुरुवातीला मऊ भात, मुगाचं वरण, काही प्रश्न आला नाही. मग तपासणीच्या वेळी डॉक्टर म्हणाले, आता घरचं नेहमीचं जेवण सुरू करा, मासे खाल्ले तरी चालतील, सुकी मासळीसुद्धा कधीमधी, मीठ बेताचं ठेवा. आत्यांची सगळी भिस्त डॉक्टरांवर होती. डॉक्टर नको म्हणतील आणि आपल्याला काही बोलावंच लागणार नाही, अशा आशेवर त्या इतके दिवस गप्प होत्या. ती आशा तिथल्या तिथे संपली.

घरी येऊन मामा कॉटवर टेकले आणि म्हणाले, "आगं, सुकट हाय का डब्यात? कोबी आन एक गड्डा."

आत्यांनी दाराची चौकट धरली आणि सगळं सांगितलं. मी पाणी घेऊन आले होते, ते हातातच राहिलं.

मामांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "नवस कोन बोललं?"

"मी."

"तोंड कुनाचं?"

आत्यांनी चौकट आणखी घट्ट धरली.

"तोंड माझं. मग मला न इचारता दिलंसच कसं?"

"तुमी सुद्दीवर कुटं हुता?"

"सुद्दीवर न्हवतो म्हनून माझं घर इकलं असतंस व्हय?"

मामा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, आत्यांना त्यांच्या ओरडण्याची सवय आहे. ते भिंतीकडे तोंड करून पडले, आणि त्या दिवसापासून आत्यांशी बोलायचे बंद झाले. पाणी हवं असेल तर मला हाक. गोळी हवी असेल तर मला हाक. आत्या दोन हातांच्या अंतरावर उभ्या असल्या तरी, "वैजंता, पानी." माझं डोकं तापायचं ते इथे.

ताटात जे वाढाल त्यातले दोन घास घ्यायचे आणि हात धुवायचे. वांगं केलं, शेवग्याच्या शेंगा केल्या, शेंगदाण्याची चटणी आणि दही पुढे ठेवलं, दोन घासांच्या पुढे माणूस जाईना. सदरा खांद्यावरून उतरायला लागला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, जखम भरायची तर पोटात काही गेलं पाहिजे. मी हे घरी सांगितलं. मामा म्हणाले, खातो की. आत्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या.

ऋतुराजने त्याच्या परीने उपाय काढला. "मी बाहेरून करून आणतो. बाबांना खोलीत देऊ. आईला कशाला कळायला पाहिजे?"

"सुकटीचा डबा उघडला की बोळाला कळतं," मी म्हटलं. "आणि आत्यांना कळणार नाही?"

तरी त्याने मामांना विचारलंच. मामा म्हणाले, "चोरून खानार न्हाय. तिनं बोललं, तिनं मोडावं. तिच्या हातानं करावं, तिच्या हातानं वाढावं. मग खातो."

ऋतुराजने ते आईला सांगितलं. आत्या तेव्हा पीठ मळत होत्या. त्यांनी हात परातीतच ठेवले. "म्हंजी माझ्याच हातानं ह्यांना परत तितं धाडू व्हय? त्या दवाखान्यातल्या काचंच्या दारामागं?" आणि मग त्या रडल्या, पीठ लागलेले हात वर धरून, डोळे पुसायला हात मोकळा नाही अशा. मी त्यांचे डोळे माझ्या ओढणीने पुसले. माझा नवसावर विश्वास नाही. पण त्या बाईला खरंच वाटत होतं की नवरा त्या एका शब्दावर जगतोय, आणि तो शब्द तिने सोडला की तो जाईल. अशा माणसाला कोण काय समजावणार? आणि मामांचंही खोटं नव्हतं. त्यांच्या वतीने परस्पर बोलून टाकलं होतं, हे खरंच. दोघांचंही खरं असलं की घरात जेवण होत नाही, हे मी त्या दिवसांत शिकले.

म्हणून मी ठरवलं, सुकट न घालता सुकट-कोबी करायचा. आत्यांना म्हटलं, चव तशी लागली म्हणजे झालं, जीभ काय विचारायला जातेय? आत्यांना हे पटलं असं नाही, पण दुसरं काही सुचतही नव्हतं.

पहिल्यांदा मी सोयाबीनचा चुरा आणला. पाकिटावर मटणाच्या वाटीचं चित्र होतं. भिजवला, पिळला, आत्यांनी त्यांच्या पद्धतीने फोडणीला टाकला. मामांनी एक घास चावला, बराच वेळ चावला, आणि मला विचारलं, "हे टायरचं हाय का ट्यूबचं?" वर्कशॉपात आयुष्य गेलेला माणूस. मी ताट उचललं.

मग आत्यांनी शेंगदाणे जाडसर कुटून, खरपूस भाजून घातले. भाजी चांगली झाली होती, मी आणि ऋतुराजने आवडीने खाल्ली. मामांनी तेच दोन घास घेतले. म्हणाले, "उपासाला चालंल."

दानम्मा हे सगळं तिच्या खिडकीतून बघत होती. तिसऱ्या खेपेला आम्ही काय करावं म्हणून बसलो होतो, तेव्हा ती आली आणि नेहमीसारखी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली. आत्यांनी केळं पुढे केलं. तिने ते घेतलं नाही.

"बजाक्का, चूक माझी हाय," ती म्हणाली. "मी हात धरला नसता तर एक बकरं गेलं असतं. अण्णांचा कोबी ऱ्हायला असता." मामांना ती अण्णा म्हणते.

ऋतुराज हसायला लागला, मी त्याला कोपर मारलं. वासाने खिडकी लावणारी बाई बकऱ्याच्या जिवाचा विचार सोडून बोलत होती, आणि तिला ते कळतही नव्हतं. आत्यांना मात्र हसू आलं नाही. त्या म्हणाल्या, "तू धरला नसतास तर देव कोपला असता. बरं केलंस." मग केळं मागे घेत, "पर आता काय करू ते तरी सांग."

"करा, मी वास घेऊन सांगते."

"तू कधी खाल्ली न्हाईस. तुला काय कळनार?"

"खाल्ली न्हाई. पन वास तुमच्यापेक्षा मला जास्त म्हाईत हाय. तुमाला सवय झाली. मला कधी झालीच न्हाई."

त्या दिवसापासून दानम्मा आमची परीक्षक झाली. मी कामावरून आले की आत्या कढई चढवायच्या, दानम्मा उंबऱ्यात डोळे मिटून बसायची, आणि तिचा निकाल ठरलेला. "न्हाई. खिडकी लावावी वाटत न्हाई अजून."

कारळं भाजून कुटून घातली. लसूण दुप्पट केला. हिंग जाळून बघितला, तेव्हा दानम्माने नाक मुरडलं आणि आम्हाला आशा वाटली, पण ती म्हणाली, हा नुसता हिंग हाय. शेवटी तिनेच तिच्या घरून डबा आणला. मटकीच्या डाळीचे सांडगे, उन्हाळ्यात गच्चीवर घातलेले, बोटाच्या पेरापेक्षा लहान. दानम्माच्या घरचं काही आमच्या कढईत पडायची ती पहिलीच वेळ. आत्यांनी ते खलबत्त्यात ओबडधोबड फोडले, तेलात लाल होईपर्यंत परतले, लसूण करपायच्या बेताला आणला, आणि कोबी टाकला. कोबीचं पाणी सुटलं तसा सांडग्याचा चुरा जरा मऊ झाला, पण दाताखाली लागेल इतका उरला. मी चाखलं. सुकट नव्हती. पण ज्यासाठी भाकरी मोडावीशी वाटावी असं काहीतरी होतं.

"कसं?" आत्यांनी दानम्माला विचारलं.

दानम्माने डोळे उघडले. "चांगला वास हाय," ती म्हणाली, आणि आत्यांचं न् माझं, दोघींचं तोंड उतरलं. चांगला वास येऊन उपयोग नव्हता.

मग आत्यांना कढईचं आठवलं. ती काळी कढई त्यांनी नवसानंतर राखेने घासून माळ्यावर टाकली होती, आणि हे सगळे प्रयोग स्टीलच्या पातेल्यासारख्या कढईत चालले होते. "लोखंडाबिगर ती चव येनार न्हाई," त्या म्हणाल्या. पण त्या कढईत इतकी वर्षं सुकट शिजली होती. नवसाला चालेल का? त्यांनी दानम्माकडे बघितलं, कारण देव तिचा. दानम्माने बराच विचार केला. म्हणाली, "पानी उकळा, वता. परत उकळा, वता. मग लोखंड ते लोखंड." मी स्टूलवर चढून कढई काढली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, मला सुट्टी. मे महिना, दुपारची वेळ, आणि वीज गेलेली. सोलापुरात मे महिन्यात दुपारी वीज गेली की माणूस फरशीवर पाणी मारून त्यावर झोपतो. बोळातली एकूण एक खिडकी उघडी होती. वारा नव्हताच, पण आला तर चुकायला नको म्हणून.

आत्यांनी काळ्या कढईत सगळं पुन्हा केलं. त्या दिवशी त्यांनी मला हातही लावू दिला नाही. दानम्माने उंबऱ्यात बसून नुसतं बघितलं, निकाल दिला नाही. भाजी होत आली तशी ती ज्वारी पाखडायची राहिलीय म्हणून घरी गेली. मी मामांना खिडकीजवळ चटईवर बसवलं, भिंतीला टेकून. आत्यांनी ताट आणून ठेवलं. दोन भाकरी, कांदा आणि कोबी. स्वतःच्या हाताने, जसं मामांनी म्हटलं होतं तसं. तोंडाने काही म्हणाल्या नाहीत. सुकट आहे असंही नाही, नाही असंही नाही. खोटं बोलायचं त्यांच्या जिवावर आलं होतं आणि खरं बोललं तर ताट परत येणार होतं.

मामांनी ताटाकडे बघितलं. काळा रंग, लाल तेल, सगळं नेहमीसारखं. हात पुढे केला नाही. मान तिरकी करून बसले. आधी मला कळलं नाही ते काय करतायत. मग कळलं. ते ऐकत होते.

बोळात शांतता होती. कुठेतरी कुणीतरी पुठ्ठ्याने वारा घेत होतं.

"न्हाय लागली," मामा म्हणाले.

समोर दानम्माची खिडकी सताड उघडी होती. ती आत खाली बसून सुपात ज्वारी पाखडत होती, आणि आमच्याकडेच बघत होती. मामांनी ताट बोटाने थोडं पुढे सरकवलं. फार नाही, वीतभर. आत्या पदराचं टोक तोंडात धरून दारात उभ्या. मला त्या क्षणी दोघांचाही इतका राग आला होता की मी ताट उचलून बाहेर फेकणार होते. एका खिडकीसाठी माणूस उपाशी बसतो म्हणजे काय?

दानम्माने सूप बाजूला ठेवलं. उठली. खिडकीपाशी आली, आणि एकदा आमच्या ताटाकडे बघितलं. मग दोन्ही दारं ओढली, जोर लावला.

धाड.

मी वास घेऊन बघितला. लसूण, तिखट, कोबी. कढईतून उरलंसुरलं काही येत असेल म्हणावं तर तेही नव्हतं. माझ्या नाकाला आलं नाही ते बोळ ओलांडून तिच्या नाकाला काय येणार? मामा त्या बंद खिडकीकडे बघत राहिले. आत पंखा नाही, वारा नाही, आणि ती खिडकी सोडली तर त्या खोलीला दुसरी खिडकी नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मामांनी ताट ओढून घेतलं. भाकरी मोडली. पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला. मी मोजायचं नाही म्हणून दुसरीकडे बघायला लागले. पहिली भाकरी संपत आली तेव्हा ते खिडकीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "दानम्माबाई, उघडा की आता."

आतून आवाज आला, "आदी जेवा."

"जेवतोय. सुकट न्हाय ह्यात, मला म्हाईत हाय. सुकटीला डोळं असत्यात, ह्याला डोळं न्हाईत. सांडगं हाईत."

"असू द्या. मला वास येतोय."

"कसला वास?"

बंद खिडकीमागून दानम्मा म्हणाली, "येतोय म्हनलं की. अण्णा, ताट रिकामं झालं की सांगा, मग उघडते."

मला वाटलं ते पुन्हा हात धुतील. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. उघड्या खिडकीशी बसून आमच्या अंगातून धारा चालल्या होत्या, आणि ती बाई पलीकडे दारं लावून बसली होती, जिचा एक घासही तिच्या पोटात जाणार नव्हता अशा भाजीसाठी. नवस तिने बोलला नव्हता. कोबी ती खाणार नव्हती.

मामांनी उरलेला तुकडा कोबीत दाबला, तोंडात टाकला आणि दुसरी भाकरी हातात घेतली. ताटातला कोबी संपला होता. ते दाराकडे वळले. मला हाक मारतील म्हणून मी पुढे झाले.

"बजा," ते म्हणाले, "वाढ बिगी बिगी. ती बाई तितं आत शिजंल."

आत्यांनी कढईच उचलून आणली.